वृद्धाश्रमातील औषधयोजना आणि औषधविक्रेत्याचे दायित्व
(बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात एक अभ्यास)

१. प्रस्तावना

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे ते चार पाद होत. हे चारही गुणसंपन्न असतील तर चिकित्सा यशस्वी होते, हा सिद्धांत आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केला आहे. घरी राहणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हे चार पाद सहसा एका छपराखाली भेटतात. वैद्य घराला ओळखतो, औषध गावातल्याच दुकानातून येते, सून किंवा मुलगी उपस्थात्याचे काम करते आणि रुग्णाला आपली तक्रार सांगता येते.

वृद्धाश्रमात हे पाद विखुरलेले असतात. वैद्य महिन्यातून एकदा, फार तर दोनदा येतो. शुश्रूषेचे काम पगारी मदतनिसांकडे असते आणि ते पाळीनुसार बदलतात. रुग्णाला ऐकू कमी येते, नजर कमी झालेली असते, काहींची स्मृती क्षीण झालेली असते. द्रव्य, म्हणजे औषध, तीनचार ठिकाणांहून येते. त्यामुळे एका निवासी वृद्धाच्या पोटात दिवसभरात नेमके काय काय जाते, हे संपूर्णपणे जाणणारी व्यक्ती बहुधा कोणीच नसते.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ही अडचण अधिक जाणवते. नीरा डाव्या कालव्याखालील बागायती गावे, सुपे-मोरगावकडील जिरायती भाग, भिगवण, निमगाव केतकी, वालचंदनगर, बावडा या साऱ्या परिसरातून तरुण पिढी शिक्षण व नोकरीसाठी पुण्याकडे आणि त्याही पलीकडे गेली आहे. मागे राहिलेल्या ज्येष्ठांच्या चिठ्ठ्याही अनेक गावांच्या असतात. बारामतीचे सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय, तेथीलच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय, अकलूज, सोलापूर आणि पुण्याचे विशेषज्ञ, शिवाय गावातील वैद्य, अशा अनेक हातांनी लिहिलेली औषधे एकाच उशीखाली जमा होतात.

ही सर्व औषधे ज्या एका काउंटरवरून जाऊ शकतात ते म्हणजे औषधांचे दुकान. वृद्धाश्रमाला औषध पुरविणारा विक्रेता हा द्रव्य आणि उपस्थाता या दोन पादांना जोडणारा दुवा आहे. त्याने व वैद्याने मिळून प्रत्येक निवासी वृद्धाच्या औषधांचा दरमहा आढावा घेतला पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी काय जाणावे व काय करावे, याचा क्रमाने विचार करू. येथे औषधविक्रेता या शब्दात नोंदणीकृत फार्मासिस्ट आणि केवळ आयुर्वेदीय औषधांचे दुकान चालविणारे फार्मसीमालक हे दोन्ही अभिप्रेत आहेत.

२. जरावस्था आणि औषधाची मात्रा

चरकसंहितेच्या विमानस्थानात साठ वर्षांपासून शंभर वर्षांपर्यंतचे वय जीर्ण मानले आहे. सुश्रुतांनी सत्तरीनंतर वृद्धत्व मानले आहे. दोन्ही मतांनुसार या वयात धातूंचा क्षय होतो, वायूचे प्राधान्य वाढते, अग्नी विषम अथवा मंद होतो. शार्ङ्गधराचार्यांनी मात्राविचारात एक मोलाची सूचना केली आहे. सोळाव्या वर्षापर्यंत मात्रा वाढवीत न्यावी, सत्तर वर्षांपर्यंत ती स्थिर ठेवावी आणि त्यानंतर बालकाप्रमाणे हळूहळू कमी करावी, असा त्यांचा आशय आहे.

आधुनिक शास्त्र याच निष्कर्षाकडे दुसऱ्या वाटेने येते. वयोमानानुसार वृक्कांची गाळण्याची क्षमता घटते, यकृताचा रक्तप्रवाह कमी होतो, शरीरातील जलांश कमी होऊन मेदाचे प्रमाण तुलनेने वाढते. परिणामी अनेक औषधे शरीरात अधिक काळ रेंगाळतात. चाळिशीतल्या माणसाला सोसणारी झोपेची गोळी पंचाहत्तरीच्या वृद्धाला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झिंगवते आणि स्नानगृहात पाडते. खुब्याचे हाड मोडले की पुढचा काळ बहुधा अंथरुणात जातो. म्हणून वृद्धाची नवी तक्रार ऐकताना पहिला प्रश्न असा असावा की हा नवा व्याधी आहे की चालू औषधाचा परिणाम आहे? हा प्रश्न विचारला गेला नाही तर पहिल्या औषधाच्या त्रासावर दुसरे आणि दुसऱ्याच्या त्रासावर तिसरे औषध सुरू होते.

३. कायदा काय सांगतो

महाराष्ट्रात वृद्धांच्या संस्थात्मक सांभाळाची परंपरा जुनी आहे. पुण्यातील 'निवारा' या संस्थेचा उगम एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून यांच्या दातृत्वातून झाला. राज्य शासनाने १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. पुढे केंद्राचा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाविषयीचा कायदा २००७ साली झाला आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१० साली केले. या कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद आहे. कलम २० मध्ये शासकीय रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी खाटा, वेगळी रांग इत्यादी सोयींचा उल्लेख आहे. मात्र निवासी वृद्धांच्या औषधांचा नियमित आढावा कोणी घ्यावा, हे या कायद्यात सांगितलेले नाही.

अमेरिकेत शुश्रूषागृहातील प्रत्येक निवाशाच्या औषधांची महिन्यातून किमान एकदा परवानाधारक फार्मासिस्टने तपासणी करावी, असा संघराज्याचा नियम आहे. ऑस्ट्रेलियात अशा तपासणीला शासकीय अर्थसाहाय्य १९९७ पासून मिळू लागले. वृद्धांसाठी अयोग्य औषधांची जी यादी आज जगभर 'बिअर्स निकष' म्हणून ओळखली जाते, ती १९९१ साली मुळात शुश्रूषागृहांतील वृद्धांसाठीच तयार झाली आणि २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. या साऱ्या व्यवस्थेमागचे गृहीतक साधे आहे. लिहिणारा वैद्य आणि देणारा मदतनीस यांच्यामध्ये एक जाणकार डोळा हवा.

आपल्याकडे औषधशास्त्र कायदा १९४८ अन्वये वैद्याच्या चिठ्ठीवरील औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचेच आहे आणि २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांत रुग्णाचे समुपदेशन हे त्याचे कर्तव्य मानले आहे. आयुर्वेदीय औषधांच्या बाबतीत निर्मितीसाठी परवाना लागतो. किरकोळ विक्रीसाठी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली वेगळा परवाना लागत नाही. या मोकळिकीमुळे आपली औषधे खेड्यापाड्यांत सहज पोहोचतात. परंतु त्याच कारणाने काउंटरवर प्रशिक्षित व्यक्ती असेलच याची खात्री राहत नाही. जेथे कायद्याचे बंधन नाही तेथे व्यवसायाने स्वतःहून बंधन स्वीकारणे आवश्यक ठरते.

४. एकत्र सेवनात लक्ष देण्याच्या जागा

'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' हे वाक्य आपल्या काउंटरवर दररोज ऐकू येते. एकटे औषध निरुपद्रवी असले तरी ते आठ इतर औषधांच्या सोबतीने जाते तेव्हा विचार बदलावा लागतो. वृद्धाश्रमात नेहमी आढळणाऱ्या जागा पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(१) मधुमेह: ग्लिमेपिराइड वा इन्सुलिन चालू असताना मामेजवा, गुडमार, कारले, मेथी यांचे कल्प दिल्यास साखर अपेक्षेपेक्षा खाली येऊ शकते. उलट अवलेह, च्यवनप्राश व गुळयुक्त आसव-अरिष्टांनी ती वाढते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असल्या तर साखरेचा आकडा दररोज बदलतो आणि मूळ गोळीची मात्रा चुकीच्या आधारावर ठरते.

(२) रक्तदाब व हृदय: यष्टिमधूच्या दीर्घ व अधिक सेवनाने शरीरात क्षार व पाणी साठते, पोटॅशियम कमी होते, रक्तदाब वाढतो. डिगॉक्सिन घेणाऱ्या रुग्णात हे धोक्याचे ठरते. लवणभास्कर चूर्णातील लवणांचा विचार हृद्रोगी व शोथयुक्त वृद्धात अवश्य करावा. गुग्गुळाच्या अर्काने प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या औषधांचे शोषण घटते, असे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे. सर्पगंधा ही रक्तदाबाच्या अन्य गोळ्यांसोबत वैद्याच्या नजरेखालीच द्यावी.

(३) अपस्मार: शंखपुष्पीच्या एका प्रचलित कल्पामुळे फेनिटोइनची रक्तातील पातळी घटून झटके पुन्हा येऊ शकतात, हे १९९२ साली मुंबईतील संशोधनातून पुढे आले. याच्या उलट मिरी व पिंपळीतील पायपरीनमुळे फेनिटोइन, थिओफायलिन यांची पातळी वाढते. 'बुद्धीसाठी' शंखपुष्पी आणि 'कफासाठी' त्रिकटू ही दोन्ही औषधे अशा रुग्णाला सहज दिली जातात, म्हणून येथे विशेष सावध राहावे.

(४) थायरॉइड: थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी घ्यावयाची असते. लोह व मंडूर कल्प, शंखभस्म, प्रवाळ, गोदंती किंवा बाजारातील कॅल्शियमच्या गोळ्या सोबत गेल्यास तिचे शोषण घटते. त्यांच्यात किमान चार तासांचे अंतर ठेवावे. इसबगोलाचेही अंतर ठेवावे आणि ते भरपूर पाण्याबरोबरच द्यावे. अन्यथा गिळण्यास त्रास असलेल्या वृद्धाच्या घशात ते अडकू शकते.

(५) मलावरोध: सोनामुखीयुक्त चूर्णे वर्षानुवर्षे दररोज घेणारे वृद्ध पुष्कळ आहेत. सोबत लघवीची गोळी असेल तर पोटॅशियम अधिकच घटते. चैत्र-वैशाखात, जेव्हा इंदापूर भागात उन्हाची काहिली असते, तेव्हा लघवीची गोळी, रेचक आणि अल्प जलपान हा संयोग वृद्धाला काही दिवसांत ग्लानीत नेऊ शकतो.

(६) निद्रा व स्मृती: आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो व त्याची मर्यादा १२ टक्क्यांपर्यंत आहे. झोपेच्या गोळीबरोबर तो किंवा अश्वगंधेचे कल्प दिल्यास गुंगी वाढू शकते. कंपवातावर लेव्होडोपा चालू असेल तर कपिकच्छूमध्येही तेच द्रव्य निसर्गतः असते, हे ध्यानात ठेवावे.

(७) विषारी द्रव्ययुक्त कल्प: कायद्याच्या 'ई-१' अनुसूचीत वत्सनाभ, कुचला, धोतरा, भल्लातक, पारद, हिंगूळ, हरताळ, मनःशिला इत्यादींचा समावेश आहे व असे कल्प वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावेत अशी सूचना वेष्टनावर असते. सर्दी-तापावर घरोघरी घेतल्या जाणाऱ्या त्रिभुवनकीर्तीत वत्सनाभ व हिंगूळ दोन्ही आहेत. हृदयाची गती अनियमित असलेल्या वृद्धाला मदतनिसाने केवळ सवयीने ही गोळी देऊ नये.

(८) संधिवेदना: गुडघेदुखीवर काउंटरवरून मागून घेतलेली डायक्लोफेनॅकसारखी गोळी वृक्क व जठर दोहोंना घातक ठरू शकते. 'गावठी औषध' म्हणून मिळणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता असते. ज्या पुडीने दोन दिवसांत जुना संधिवात थांबतो, तिच्याकडे संशयानेच पाहावे. मात्र अशी पुडी दीर्घकाळ घेतलेली असेल तर ती एकदम बंद करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

५. नावसाधर्म्य आणि बदली औषध

दुकानात एखादा कल्प शिल्लक नसला की जवळच्या नावाचा कल्प दिला जातो. योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ यांच्या नावांत दोनच अक्षरांचा फरक आहे, परंतु महायोगराजात नाग, वंग, लोह इत्यादींची भस्मे व रससिंदूर आहेत. चंद्रप्रभा वटी आणि चंद्रकला रस यांचेही तसेच. चंद्रकला रस हा पारदयुक्त आहे. क्षीण वृक्काच्या वृद्धात हा फरक नगण्य नसतो. वैद्यांनी चिठ्ठीवर पूर्ण नाव सुवाच्य अक्षरांत लिहावे आणि विक्रेत्याने विचारल्यावाचून बदली देऊ नये.

निवाशांच्या नावांचाही गोंधळ होतो. एकाच वृद्धाश्रमात दोन लक्ष्मीबाई किंवा दोन ज्ञानदेव असणे स्वाभाविक आहे. म्हणून प्रत्येक पिशवीवर पूर्ण नाव, वय व खोलीचा क्रमांक मोठ्या मराठी अक्षरांत असावा. सुट्या गोळ्या देताना पाकिटाचा नाव व मुदत छापलेला भाग दुकानात राहून जातो आणि वृद्धाश्रमात पोहोचते ते निनावी पाकीट. कापताना तो भाग गोळ्यांसोबत जाईल अशी दक्षता घ्यावी.

६. साठवण आणि सवीर्यतावधी

शार्ङ्गधराचार्यांनी चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी घटते असे सांगितले आहे. गुटी व अवलेहाचे एका वर्षाने. कायद्याच्या नियम १६१-ब प्रमाणे चूर्णाची मुदत दोन वर्षे आणि आसव-अरिष्टांची दहा वर्षे धरली जाते. या दोहोंत विरोध मानण्याचे कारण नाही. कायद्याची मुदत हवाबंद वेष्टनातील औषधाची आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते डबी उघडल्यानंतरच्या व्यवहारासाठी शार्ङ्गधरोक्त दोन महिन्यांची मर्यादा पाळणे हिताचे आहे. म्हणजेच वृद्धाश्रमाला चूर्णाची किलोची पिशवी विकण्यापेक्षा प्रत्येकासाठी ५० वा १०० ग्रॅमच्या डब्या द्याव्यात आणि झाकणावर उघडल्याची तारीख लिहावयास सांगावे. पावसाळ्यात गाठी झालेले, वास बदललेले चूर्ण परत घ्यावे. घृते व तैले खिडकीत उन्हात ठेवू नयेत.

इन्सुलिनच्या बाबतीत वीजपुरवठ्याची चौकशी विक्रेत्याने स्वतः करावी. वीज तासन्‌तास जात असेल तर थंड पेटीची किंवा मातीच्या दुहेरी भांड्याची सोय सुचवावी.

दात्यांकडून येणारी उरलेली औषधे हा वेगळा विषय आहे. घरातील ज्येष्ठ निवर्तल्यावर त्यांच्या उरलेल्या गोळ्या वृद्धाश्रमात नेऊन देण्याची पद्धत सद्भावनेची आहे, परंतु त्यात मुदत संपलेली, अर्धी वापरलेली व थंडाव्यात न ठेवलेली औषधे असतात. तीच गोष्ट वृद्धाश्रमातील दिवंगत निवाशाच्या औषधांची. ती शेजारच्या खाटेवरील व्यक्तीला परस्पर दिली जाऊ नयेत. महिन्यातून एकदा विक्रेत्याने ही पेटी रिकामी करून वर्गवारी करावी, हे लहान वाटणारे काम फार मोलाचे आहे.

७. मासिक औषधपत्रक: कृती

आढाव्यासाठी संगणकाची आवश्यकता नाही. एक जाड कागद पुरेसा आहे. कृतीचा क्रम असा ठेवावा.

प्रथम, निवाशाजवळची सर्व औषधे एका टेबलावर मांडावीत. उशीखालची, पेटीतली, नातेवाइकांनी आणलेली, मलम, डोळ्यांतील थेंब, चूर्ण, काढा, च्यवनप्राश, सारे काही. केवळ चिठ्ठ्यांवरून पत्रक करू नये, कारण लिहिलेले आणि घेतलेले यांत अंतर असते.

दुसरे, प्रत्येक औषधासमोर चार गोष्टी लिहाव्यात: कोणत्या तक्रारीसाठी, कोणी सुरू केले, केव्हापासून आणि प्रत्यक्षात किती घेतले जाते. ज्या औषधासमोर 'कशासाठी' हा रकाना रिकामा राहतो, त्यावर वैद्याने प्रथम लक्ष द्यावे.

तिसरे, वजन, रक्तदाब, अलीकडील क्रिएटिनिन व साखर, तसेच गेल्या महिन्यातील पडणे, झोप, मलप्रवृत्ती आणि भूक यांची नोंद करावी.

चौथे, औषधांच्या वेळा वृद्धाश्रमाच्या दिनक्रमाशी जुळवाव्यात. शार्ङ्गधरांनी पाच औषधकाल सांगितले आहेत. वृद्धाश्रमात सकाळचा चहा, न्याहारी, दुपारचे जेवण, रात्रीचे जेवण व निजणे हे पाच प्रसंग ठरलेले असतात. औषधे या पाच प्रसंगांतच, शक्य तर तीनच प्रसंगांत बसवावीत. 'सकाळी' या शब्दाने चहा समजावा की न्याहारी, हे मदतनीस ठरवू शकत नाही. ते चिठ्ठीत स्पष्ट लिहावे.

पाचवे, गिळण्यास त्रास असलेल्यांची औषधे कशी दिली जातात ते पाहावे. सर्व गोळ्या खलात एकत्र कुटून पेजेत कालविण्याची पद्धत दिसते. हळूहळू विरघळणाऱ्या व विशिष्ट आवरणाच्या गोळ्या कुटल्यास दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते किंवा जठराला इजा होते. अशा गोळ्यांच्या पिशवीवर विक्रेत्याने 'कुटू नये' असे लिहावे.

सहावे, पत्रकाच्या तीन प्रती कराव्यात. एक निवाशाच्या खोलीत, एक वैद्याकडे, एक दुकानात. रुग्णालयात नेताना खोलीतील प्रत सोबत जाईल, हे व्यवस्थापकांनी पाहावे. परत आल्यावर बदललेली औषधे त्याच दिवशी पत्रकात नोंदवावीत, कारण जुनी व नवी अशी दोन्ही औषधे चालू राहण्याची चूक याच वेळी होते.

८. अभ्यासासाठी एक नमुना

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक पत्रक रचून पाहू. वय ७६, पुरुष, निवृत्त शेतकरी. चालू औषधे नऊ: मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड, टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायाझाइड, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, अल्प्राझोलम, योगराज गुग्गुळ, सोनामुखीयुक्त चूर्ण, अश्वगंधारिष्ट आणि च्यवनप्राश. तक्रारी अशा की सकाळी घाम येऊन गडबडल्यासारखे होते, महिन्यात दोनदा पडले, पायांवर सूज आहे. मदतनीस सांगतात की हा म्हातारचळ आहे.

पत्रक वाचले की क्रम उलगडतो. साखरेची गोळी साडेसहाच्या चहाबरोबर दिली जाते आणि न्याहारी साडेआठला होते. घाम व गडबड यांचे कारण साखर उतरणे हे असू शकते. त्या वेळी बोटातून साखर तपासावी आणि गोळी न्याहारीच्या घासाशी जोडावी. च्यवनप्राश व अरिष्ट चालू ठेवून गोळी वाढविणे टाळावे. डायक्लोफेनॅक, टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी हे त्रिकूट वृक्कांवर ताण आणते. सुजेमागे तेही कारण असू शकते. क्रिएटिनिन तपासून डायक्लोफेनॅक थांबविण्याचा निर्णय डॉक्टरांनी घ्यावा. गुडघ्यांसाठी स्थानिक स्नेहन-स्वेदनाचा विचार वैद्याने करावा. सोनामुखीऐवजी आहारात तूप, पालेभाजी व कोमट पाणी आणि गरजेपुरती अल्प मात्रेत एरंडभृष्ट हरीतकी पुरेल का, ते पाहावे. अल्प्राझोलम व अरिष्ट रात्री जवळजवळ दिले जात असतील तर पडण्याचे कारण तेथे शोधावे. अल्प्राझोलम मात्र एकदम बंद करू नये. ते हळूहळू उतरवावे लागते आणि ते काम लिहिणाऱ्या डॉक्टरांचे आहे.

या नमुन्यात कोणाचेही औषध स्वतंत्रपणे 'चुकीचे' नव्हते. प्रत्येकाने आपल्यापुढील तक्रार पाहिली होती. दोष एकत्र न पाहण्यात होता.

९. मर्यादा आणि व्यवहार

विक्रेत्याने शंका नोंदवावी, वैद्याला वा डॉक्टरांना दूरध्वनी करावा, वेळ व साठवण सुधारावी. परंतु चिठ्ठीवरील औषध स्वतःच्या अधिकारात बंद करू नये अथवा मात्रा बदलू नये. त्याचप्रमाणे वैद्यांनीही विशेषज्ञांची रक्तदाब, हृद्रोग, मधुमेह वा अपस्मारावरील औषधे त्यांच्याशी बोलल्यावाचून थांबवू नयेत. 'आमचे औषध सुरू केले की ते सोडा' असा सल्ला वृद्धाच्या जिवावर बेतू शकतो आणि त्याचा दोष आपल्या शास्त्रावर येतो.

विपरीत परिणाम दिसल्यास तो लपवू नये. आयुष मंत्रालयाच्या औषधदक्षता कार्यक्रमाचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. संशयित परिणामांची नोंद तेथपर्यंत पोहोचविणे हे वैद्य व विक्रेता दोघांचेही काम आहे.

आता व्यवहाराविषयी. आढावा प्रामाणिकपणे घेतला तर काही औषधे कमी होतील आणि दुकानाची विक्री घटेल, हे उघड आहे. म्हणूनच हे काम केवळ विक्रीच्या नफ्यावर अवलंबून ठेवू नये. वृद्धाश्रमाने प्रत्येक निवाशामागे अल्पशी मासिक सेवारक्कम द्यावी, किंवा देणगीदारांपुढे औषधाच्या खोक्यांऐवजी या सेवेचा खर्च ठेवावा. विक्रेत्यालाही याचा लाभ आहे. पुरवठा ठरलेला राहतो, उधारी व परतीचा माल कमी होतो. वैद्यांनी मात्र वृद्धाश्रमाच्या खरेदीवर कोणत्याही रूपाने टक्केवारी घेऊ नये. जेथे कट प्रॅक्टिसचा शिरकाव होतो तेथे औषधे कमी करण्याचा आढावा कधीच प्रामाणिक राहू शकत नाही.

१०. समारोप

उपस्थात्याचे चार गुण चरकाचार्यांनी सांगितले आहेत: उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शौच. वृद्धाश्रमातील अल्पशिक्षित, थकलेल्या मदतनिसाकडे अनुराग पुष्कळदा असतो; ज्ञान आणि दक्षता यांची उणीव आपण भरून काढावयाची आहे. त्याला वाचता येईल असे पत्रक, नीट नाव लिहिलेली पिशवी आणि शंका आल्यास उचलला जाणारा दूरध्वनी, इतके दिले तरी मोठा पल्ला गाठता येईल.

बारामती व इंदापूर तालुक्यांतील वैद्यबंधू-भगिनींनी आणि फार्मसीमालकांनी आपल्या जवळचा एक एक वृद्धाश्रम निवडावा. एक वैद्य व एक विक्रेता अशी जोडी करून येत्या त्रैमासिकात पाच निवाशांची पत्रके तयार करावीत. औषधे किती कमी झाली, पडण्याचे प्रसंग किती घडले, कोणती शंका खरी निघाली व कोणती निराधार ठरली, हे नावे वगळून लिहून ठेवावे. अशा नोंदी दोन-तीन वर्षे साठल्या तर आपल्या भागातील वृद्धांना कोणता संयोग सोसतो आणि कोणता सोसत नाही, याविषयी आपल्याला इतरांच्या यादीवर विसंबून राहावे लागणार नाही. पत्रकाचे रकाने कलम ७ मध्ये दिलेच आहेत. ते आपल्या सोयीप्रमाणे वाढवावेत, परंतु 'कशासाठी' हा रकाना वगळू नये.